मानेवरचं टोक

मला लिहिण्याची सवय नाही. नोकरीत असताना पोस्टात दुसऱ्यांची पत्रं वेगळी करायचो आणि घरी पत्र आलं तर उत्तर बायको लिहायची. ती गेल्यावर तेही बंद पडलं. पण कारागिराबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, आणि आमच्या वसाहतीत ज्यांना चांगलं लिहिता येतं ते सगळे त्या सभेत हात वर करून बसले होते. म्हणून मीच बसलो आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

खरं तर माझा आणि केस कापणाऱ्याचा संबंध यायचं काही कारण नाही. चाळिशीतच माझ्या डोक्याचं मैदान झालं. तरी मी रोज सकाळी कारागिराच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथे वर्तमानपत्र यायचं, रेडिओ लागायचा आणि न बोलता बसलेलं चालायचं. गिऱ्हाइकं मला चिडवायची, "काय नाना, पॉलिशला आलात का?" कारागीर म्हणायचा, "बसू द्या हो, एक तरी माणूस इथे माझं काम बघायला येतो."

त्याचं नाव सगळे विसरून गेले होते. केशकर्तनाच्या धंद्यात हाताखालच्या माणसाला कारागीर म्हणतात. तो वडिलांच्या हाताखाली लागला तेव्हा त्याला ही हाक पडली. वडील गेले, तो मालक झाला, साठीला आला, तरी कारागीरच राहिला. दुकान म्हणजे वसाहतीच्या फाटकाशेजारची एक खोली. मुळात ती पहारेकऱ्यासाठी बांधलेली, पण वसाहत नवी होती तेव्हा कमिटीने ती त्याच्या वडिलांना दिली होती. तोंडी. मागे झुकणारी एक लोखंडी खुर्ची, कोपऱ्यात डाग पडलेला आरसा, एक बाक. त्या खोलीवर त्याचं घर चालायचं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाकीचे लोक मान कोरताना खाली वस्तऱ्याने सरळ रेघ मारतात. हा तसं करत नसे. दोन्ही कानांमागून वस्तरा तिरका खाली आणायचा आणि मध्ये केसांचं एक बारीक टोक सोडायचा, कोवळ्या पानाच्या शेंड्यासारखं. ती त्याच्या वडिलांची पद्धत होती. मी एकदा विचारलं, हे कशाला, कोणाला दिसतं? तो म्हणाला, "बाबा सांगायचे, पुढचं गिऱ्हाइकाला आरशात दिसतं. मागचं आपल्या भरवशावर असतं." आमच्या वसाहतीतला माणूस बाहेर कुठे भेटला तर मी त्याला पाठमोरा ओळखायचो.

मग ती साथ आली. फाटकाला साखळी लागली आणि दुकानं बंद झाली. सुरुवातीला सगळ्यांना सुट्टीसारखं वाटलं. कोणी वर्तमानपत्राला इस्त्री फिरवून वाचायचं, कोणी वांगी साबणाने धुवायचं. सेक्रेटरी सकाळी मोबाइलच्या ग्रुपवर नियम टाकायचे आणि संध्याकाळी ते मागे घेऊन दुसरे टाकायचे. हे आमच्या कमिटीचे सेक्रेटरी, बोलायला गोड माणूस. लग्नकार्यात कोणालाही पुढे होऊन मदत करणार. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. झालं तसं लिहितो.

हळूहळू गंमत संपली. कोणाची नोकरी गेली, कोणाचा पगार अर्धा झाला. आणि केस वाढले. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चांगली चांगली माणसं आरशापुढे जाईनाशी झाली. खालच्या मजल्यावरच्या बँकवाल्याचे केस त्याच्या बायकोने कापले, तेव्हा तो आठवडाभर कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसत होता.

कारागिराच्या घरी दोघांचंही काम एकदमच थांबलं होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. तिथली मुलं आपापल्या घरी गेली, वसतिगृहाला कुलूप लागलं. हात पसरणं दोघांच्याही स्वभावात नाही. मी सुनेला सांगून एकदोनदा डबा पाठवला, तर तो घासूनपुसून परत आला आणि सोबत निरोप, की नानांना सांगा, आमचं व्यवस्थित आहे.

पहिला फोन सेक्रेटरींचाच गेला. म्हणाले, मी गुहेतल्या माणसासारखा दिसायला लागलोय, जरा या, मागच्या जिन्याने या, आणि हे आपल्यातच ठेवा. कारागीर गेला. तोंडाला फडकं, हातात मोजे, कात्री उकळून घेतलेली. हत्यारं भाजीच्या पिशवीत आणि वर कोथिंबिरीची जुडी, म्हणजे कोणी हटकलं तर भाजी. मग दुसऱ्याचा फोन, मग तिसऱ्याचा. प्रत्येक जण म्हणायचा, आपल्यातच ठेवा. प्रत्येकाला वाटायचं, कारागीर फक्त आपल्याच घरी येतो.

त्याने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. पण माझ्या गॅलरीतून खालचा चौक दिसतो. तिथे सकाळी लोक लांब लांब राहून फेऱ्या मारायचे. एकेक मान नीटनेटकी होऊ लागली, टोकासकट. ती कोथिंबिरीची एकच जुडी रोज फिरून सुकून गेली होती, तीही मी पाहिली. वाटलं, चला, चूल पेटते आहे. मीही ते माझ्यातच ठेवलं.

आता पुढचं मला फार नंतर कळलं, पण त्याच्या जागेवरच सांगतो.

एक दिवस सेक्रेटरींनी त्याला पुन्हा बोलावलं, या वेळी वडिलांच्या दाढीसाठी. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा बिछान्यावर उशीला टेकून बसले होते. सेक्रेटरी दारातच थांबले, आत आले नाहीत. कारागिराने साबण लावला, गालाला हात लावला आणि थबकला. म्हणाला, साहेब, अंग गरम लागतंय. सेक्रेटरी म्हणाले, "गॅलरीत उन्हात बसले होते. ऐकतात कुठे?" तेवढ्यात अण्णांना ठसका लागला, तो सरळ याच्या तोंडावर. याने फडकं सारखं केलं आणि वस्तरा हातात घेतला. ते एवढ्या चांगल्या घरातले, आपल्याशी कशाला खोटं बोलतील, असं त्याला वाटलं. निघताना सेक्रेटरींची बायको दारातून अण्णांना सांगत होती, की उद्या त्या बायका यायच्या आधी आणखी एक गोळी घ्यायची. तेही त्याने ऐकलं, पण त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्या बायका म्हणजे घरोघर ताप बघत फिरणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा अण्णा गुळगुळीत दाढी करून, पावडर लावून खुर्चीत बसले होते. गोळीने ताप उतरला होता. बायका पुढच्या दारी गेल्या. आजारी माणूस सापडला की अख्ख्या इमारतीला पत्रे ठोकत होते, म्हणून हा सगळा खटाटोप. भीती सगळ्यांनाच होती, त्यांनाही होती. पण दाढी करणाऱ्याला सांगायला हवं होतं.

पाठोपाठ शाळेच्या मैदानात तपासणीचा तंबू लागला. आमच्या लोकांनी तिकडे पाठ फिरवली. नाकात घातलेली काडी मेंदूपर्यंत जाते म्हणे. धडधाकट माणूस तपासायला गेला की त्याला तिथेच होतं म्हणे. माणूस बाधित दाखवला की कोणाचा तरी खिसा गरम होतो म्हणे. तंबूतली पोरं दिवसभर मोबाइलवर खेळत बसायची. शेवटी वरून कळवलं, की वसाहतीतले लोक तपासणीला आले नाहीत तर साखळी निघणार नाही.

तेव्हा सेक्रेटरी स्वतः चालत कारागिराच्या घरी गेले. त्यांच्या अंगणात उभे राहून म्हणाले, "तुम्ही आधी जा, म्हणजे लोकांची भीड चेपेल. तुमच्यापुढे सगळेच मान खाली घालतात." दोघंही हसले म्हणे. मग म्हणाले, "आणि काही निघालंच, तर आम्ही आहोत ना. कमिटी तुमच्या पाठीशी आहे. खोली सगळ्यात आधी तुमची उघडतो."

वहिनी म्हणाल्या, तब्येत चांगली आहे तर कशाला जायचं? पण तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. खोली उघडणार होती ना. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता. दाढीच्या साबणाचा वास येत नव्हता इतकंच, आणि त्याला वाटलं होतं साबण जुना झाला.

त्याच्यात ते निघालं.

गाडी त्याला न्यायला फाटकाशी आली, कारण मागच्या गल्लीत, त्याच्या घरापर्यंत, ती शिरत नव्हती. त्यामुळे अख्खी वसाहत खिडक्यांत. कारागीर पिशवी घेऊन चालत आला, तर पुढे एक माणूस त्याच्या पायांपुढे औषध फवारत मागे मागे सरकत होता. त्याने मान वर करून खिडक्यांकडे पाहिलं, ओळखीचं हसला. फडक्यामुळे हसू दिसलं नसेल. मी गॅलरीतून हात हलवला. बाकी बरेच हात मोबाइल धरण्यात गुंतले होते.

दवाखान्यात त्याला विचारलं, गेल्या काही दिवसांत कोणाकोणाच्या जवळ गेला होतात? तो म्हणाला, कोणाच्याच नाही, घरीच होतो. ही त्याची चूक. मी आजही त्याला तोंडावर सांगतो, की चूकच. नावं सांगितली असती तर त्या लोकांची तपासणी झाली असती आणि सगळं तिथेच उघड झालं असतं. पण त्याने प्रत्येकाला शब्द दिला होता. त्याच्या धंद्यात खुर्चीतलं बोलणं खुर्चीपाशीच राहतं, आणि तो त्याच हिशोबाने वागला. नावं सांगितली नाहीत. त्याऐवजी स्वतः एकेकाला फोन लावला, की मला झालंय, तुम्ही तेवढं तपासून घ्या, म्हातारी माणसं आहेत घरात.

एकाने नुसतं ऐकून फोन ठेवला. बँकवाला म्हणाला, हे कुठे लिहून वगैरे पाठवू नका. एकाने विचारलं, कोण कारागीर? आणि सेक्रेटरी अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हता. नीट आठवा. तापात माणसाला काहीबाही वाटतं."

"मला ताप नाही, साहेब," हा म्हणाला.

"येईल," ते म्हणाले.

तोपर्यंत अण्णांचं दुखणं लपण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांना मागच्या फाटकातून घरच्या छोट्या मोटारीने दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ग्रुपवर आलं, की फाटकाजवळच्या खोलीतल्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे वसाहतीतल्या एका ज्येष्ठ नागरिकाला बाधा झाली आहे. ती खोली तर कधीपासून बंद होती. पण ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. खाली नुसती जोडलेल्या हातांची चित्रं.

कारागीर बरा होऊन परत आला. खोलीशी गेला तर त्याच्या कुलपाच्या वर आणखी एक कुलूप होतं, नवं. आणि रविवारी सभा.

सभा चौकात झाली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. मी सवयीप्रमाणे शेवटच्या रांगेत. कारागिराला आत घेतलं नाही, साखळीपलीकडे उभं राहायला सांगितलं. तो बरा झाल्याचा कागद हातात घेऊन उभा होता, तो कोणी मागितला नाही. सेक्रेटरींनी विषय मांडला. लोक आता सगळं घरबसल्या मागवतात, पार्सलं ठेवायला जागा नाही, तेव्हा फाटकाजवळची खोली कमिटीने परत घ्यावी. शिवाय झाला प्रकार सगळ्यांना माहीतच आहे. कारागिरांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ते नियम मोडून वसाहतीत फिरत होते, असं ऐकतो. जिन्याच्या कठड्यावरून, लिफ्टच्या बटणावरून हे पसरलं असणार.

मग त्यांनी विचारलं, "कोणाच्या घरी ते आले होते का? कोणी बोलावलं होतं का?"

पुढच्या सगळ्या माना नकारार्थी हलल्या. आणि हललेली प्रत्येक मान मला मागून दिसत होती.

मी सभेत कधी बोलत नाही. तरी उठलो आणि म्हणालो, मला जरा बोलायचं आहे. कोणीतरी म्हणालं, नाना, पंखा लावा म्हणणार असाल तर इथे पंखा नाही, उघड्यावर आहोत आपण. थोडा हशा झाला. मी खुर्चीची पाठ धरली.

"मी मागे बसलोय," मी म्हणालो. "मला तुमच्या सगळ्यांच्या माना दिसतात. दुकान बंद होऊन इतके महिने झाले. मग या माना कोणी कोरल्या?"

आपोआप सगळ्यांचे हात मानेवर गेले. बँकवाल्याचा, वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्याचा, बोलायला उभ्या असलेल्या सेक्रेटरींचाही. क्षणभर वाटलं, झालं, आता कोणीतरी म्हणेल, की हो, मी बोलावलं होतं. एकाने म्हटलं असतं तरी पुरे होतं.

सेक्रेटरींनी हात खाली घेतला आणि हसून म्हणाले, "नाना, तुम्हाला बरं आहे. तुमचा काही प्रश्नच नाही." त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि सगळे हसले. मोकळे होऊन हसले. मग ते म्हणाले, खोली परत घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. जे हात मानेवर गेले होते तेच वर झाले.

मी साखळीपलीकडे पाहिलं. कारागीर कोणाकडेच बघत नव्हता, एकट्या सेक्रेटरींकडे बघत होता. रागाने नव्हे. फाटकाशी उभं राहून आपण कोणाच्या तरी येण्याची वाट बघतो ना, तसा. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

तो कळला खोली रिकामी करताना. मी आरसा धरायला गेलो होतो. लोखंडी खुर्ची हातगाडीवर चढवून आम्ही दोघं दम खात बाकावर बसलो, आणि तेव्हा त्याने अण्णांच्या दाढीचं, तापाचं, त्या गोळीचं सांगितलं. मी म्हणालो, अहो, मग हे सभेत का नाही बोललात? सगळा डावच उलटला असता.

"ते बोलतील वाटलं," तो म्हणाला. "तुम्ही मानांचं बोललात आणि त्यांनी हात मागे नेला, तेव्हा तर नक्कीच वाटलं. आता सांगतील, म्हटलं."

"आणि नाही सांगितलं तेव्हा?"

त्याने खुर्चीच्या हाताचा रंग नखाने खरवडला. "नाना, माणूस डोळे मिटून माझ्यापुढे गळा उघडा करून बसतो. एकाचं घरातलं मी चौकात आणलं, तर उद्या कोण बसेल? आणि समजा बसला तरी माझाच हात अडखळेल." मग म्हणाला, "आपलीच माणसं म्हणायचो मी यांना."

वहिनी कात्र्या फडक्यात गुंडाळत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "केसानं गळा कापला हो यांनी." आणि फडक्याला गाठ मारली.

पुढे साखळी निघाली, दुकानं उघडली. कारागिराने मागच्या गल्लीत आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडली. त्यांचं जेवणखाण, झोपणं सगळं आतल्या एका खोलीत आलं. मी आता तिथे जाऊन बसतो. आधी वाटलं होतं वसाहतीतलं कोणी येणार नाही. पण चांगल्या हाताची सवय सुटत नाही. एकेक जण येऊ लागला. काय कारागीर, कुठे गायब झालात, इथे शोधत यावं लागतं, असं म्हणत बसायचे. जसा काही तो स्वतःच हौसेने इकडे आला होता. सेक्रेटरीही आले. आरशात बघत म्हणाले, "मनावर घेऊ नका. वेळच तशी होती. माझ्या एकट्याच्या हातात काय होतं?"

"मान खाली घ्या," कारागीर म्हणाला. एवढंच.

त्याचा हात पूर्वीसारखाच चालतो. घाई नाही, कुचराई नाही. फडकं झटकतो, पावडर लावतो, मागे छोटा आरसा धरतो. ते बघितल्यासारखं करतात आणि उठतात.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. एका सकाळी गॅलरीत उभा होतो आणि खाली लोक फेऱ्या मारत होते. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बँकवाला, औषधवाला, सगळ्यांच्या मानेवर सरळ रेघ. कुठल्याही दुकानात मारतात तशी. टोक नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी अण्णांना धरून फिरायला घेऊन आले. अण्णा वाचले, पण फार वाळले आहेत. आदल्याच दिवशी त्यांना कारागिराकडे आणलं होतं आणि मी बाकावर होतो. अण्णांनी त्याचा हात धरून विचारलं होतं, तेव्हा मी एवढा तापलो होतो, माझ्या खोलीत कोणी पाऊल टाकत नव्हतं, तू कसा रे आलास? सेक्रेटरी रस्त्याकडे बघत राहिले. कारागीर म्हणाला, "दाढी वाढली होती तुमची, अण्णा."

आता दोघं बापलेक माझ्याकडे पाठ करून हळूहळू चालत होते. मुलाच्या मानेवर सरळ रेघ होती. म्हाताऱ्याच्या विरळ पांढऱ्या केसांत मधोमध ते बारीक टोक होतं, नीट सोडलेलं.

दुपारी मी दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. विचारू की नको करत शेवटी विचारलं, की हल्ली मागे टोक सोडत नाही का?

कारागीर चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावत होता. त्याने धार अंगठ्याने पाहिली, पुन्हा दोनदा फिरवली.

"राहून जात असेल," तो म्हणाला, आणि रेडिओ लावला.